‘धातू कोणता याने काय फरक पडतो?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू,

सप्रेम सलाम.

‘ओळंबा की कथील?’ या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक विश्वासणारा’ अशी सही करून लिहिलं आहे. आमोस संदेष्ट्याच्या एका दर्शनात प्रभू भिंतीपाशी हातात ‘अनाख’ घेऊन उभा दिसतो. आपल्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, या हिब्रू शब्दासाठी ‘ओळंबा’ आहे, भिंत सरळ आहे का ते पाहायचं गवंड्याचं दोरीला बांधलेलं वजन. तो शब्द ‘कथील’ या धातूचा आहे, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. बाकीच्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून तुमची प्रतिक्रिया इथे जशीच्या तशी देतो:

“साहेब, लेख वाचला. धातू कोणता याने काय फरक पडतो? अर्थ तोच, देवाचा न्याय. भिंत आहे, भिंतीपाशी हातात वस्तू घेऊन प्रभू उभा आहे, मग ती वस्तू ओळंबा नाही तर काय? तो शब्द तीनदा नाही, चारदा आला आहे. हिब्रू कुठे शिकलात तेही लिहा. दानीएलाच्या पुतळ्यातलं पितळेचं राज्य कोणतं ते सांगायला का घाबरलात? ज्यांनी आयुष्यात भट्टी पाहिली नाही त्यांनी धातूंवर लिहू नये.”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. आमोसाच्या सातव्या अध्यायात ‘अनाख’ हा शब्द चार वेळा आहे. सातव्या वचनात दोनदा, आठव्यात दोनदा. मी तीन लिहिलं, ती माझी चूक. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता सुराबद्दल. मंडळीत आपण एकमेकांना भाऊ म्हणतो, बंधू म्हणतो. तुम्ही ‘साहेब’ लिहिलंत, आणि कशा सुरात लिहिलंत हे कळण्याइतकं मराठी मला येतं. ‘का घाबरलात’ हीसुद्धा भावाला विचारायची रीत नव्हे. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याला भित्रा म्हणायचं, हे मला पटत नाही. मी गेली अकरा वर्षं इथे लिहितोय, दर लेखाखाली माझं नाव असतं. माझं चुकलं तर रविवारी उपासनेनंतर दारात उभं राहून कुणीही मला धरू शकतं, आणि धरतातही.

हिब्रू मी एका निवृत्त पाळकांकडे शिकलो. दर शनिवारी संध्याकाळी, सहा वर्षं, त्यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर. पदवी नाही. पण पदवी नाही म्हणून तोंड बंद ठेवायचं हा नियम कुणी केला? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून सगळ्या शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, त्यांच्याच मुक्ती मिशनमधल्या बायकांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले, आणि बाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते छापून पूर्ण झालं. त्यांच्याशी मी माझी तुलना करत नाही. तुमचा प्रश्न चुकीच्या जागी आहे एवढंच दाखवतो. आणि ज्या अध्यायावर आपण बोलतोय, त्याच अध्यायात बेथेलचा याजक अमस्या आमोसाला हाकलून लावतो, तेव्हा आमोस काय उत्तर देतो ते वाचा: मी संदेष्टा नव्हतो, संदेष्ट्याचा मुलगाही नव्हतो, मी गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा.

पण तुमचं शेवटचं वाक्य. त्याच्यामुळे मी दोन रात्री हे उत्तर लिहितोय, नाहीतर आभार मानून गप्प बसलो असतो.

बंधू, माझे वडील चांदीच्या आटणीवर कामाला होते. हुपरीच्या बाजूला. मी तिसरीत असल्यापासून शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन जायचो आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसायचो. दागिने घडवणाऱ्यांकडून आलेला चुरा, कानस मारलेला भुगा, झाडून गोळा केलेली माती, जुनी मोड, सगळं त्या भट्टीवर यायचं. त्यात चांदी असायची, पण तांबं मिसळलेली. ती शुद्ध करायला वडील हाडांच्या राखेचं बशीसारखं खोलगट आळं थापायचे, त्यात तो माल आणि वर शिसं. चांदीपेक्षा शिसं कितीतरी जास्त. मग कोळसा आणि भाता.

शिसं तिथे मळ वाहून नेण्यासाठी असतं. तापल्यावर त्याच्यावर पिवळसर तांबूस साय धरते. ती साय तांबं आणि बाकीचा गाळ स्वतःत ओढून घेते, थोडी राखेत जिरते, थोडी काढून टाकतात, थोडी धूर होऊन जाते. चांदीला ती लागत नाही. शिसं संपत आलं की पृष्ठभागावर रंग पळायला लागतात, आणि एका क्षणी ती शेवटची साय फाटते आणि खालून चांदी लखकन् उघडी पडते. वडील म्हणायचे, ‘जागी झाली.’ त्या क्षणाची मी तासन् तास वाट पाहिली आहे. डोळ्यांतून पाणी यायचं, पण मान वळवायची नाही.

आणि एक दिवस ती जागी झाली नाही. मालात तांबं अंदाजापेक्षा फार निघालं, शिसं कमी पडलं. भाता चालूच होता, शिसं जळून गेलं, आणि आळ्यात उरला एक काळपट, खरबरीत गोळा. ना चांदी ना तांबं. वडील डोक्याला हात लावून बसले. कोळसा गेला, शिसं गेलं, दिवस गेला, आणि मालकाचं बोलणं राहिलं ते वेगळंच.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी शास्त्रातल्या यिर्मया संदेष्ट्याचा सहावा अध्याय वाचत होतो. परमेश्वर यिर्मयाला म्हणतो, मी तुला माझ्या लोकांमध्ये धातू पारखणारा नेमलं आहे. ते लोक तांबं आणि लोखंड आहेत. भाता जोरानं फुंकतोय, शिसं आगीत संपून गेलं, गाळणाऱ्यानं गाळलं ते व्यर्थ, दुष्ट काही निघाले नाहीत. त्यांना टाकाऊ रुपं, म्हणजे टाकाऊ चांदी, म्हणतील. मी पुस्तक मिटलं आणि रडलो. कारण मी तो गोळा पाहिला होता. शिसं संपलं याचा अर्थ काय होतो हे मला कुणी टीपेत समजावून सांगायला नको होतं. देवानं संदेष्ट्यांना पाठवलं, भाता फुंकला, शिसं घातलं, सगळं खर्ची पडलं, आणि तरी चांदी सुटी झाली नाही. तिथे शिशाच्या जागी दुसरा कुठलाही धातू लिहून पाहा. कथील लिहा, लोखंड लिहा. वचनाचा प्राण जातो. नुसतं ‘आगीत काहीतरी जळालं’ एवढंच उरतं.

वडील चोपन्नाव्या वर्षी गेले. पोटात कळा यायच्या, हिरड्यांवर निळी रेघ उमटली होती, शेवटी शेवटी मनगट खाली लोंबायचं, पेला धरता यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, शिसं अंगात भिनलंय. तेव्हा मी भट्टी पाहिली की नाही हे मला पुन्हा विचारू नका.

तुमचं ‘काय फरक पडतो’ मी याच अनुभवावर घासून पाहतो. ‘अनाख’ हा शब्द हिब्रू शास्त्रात या दोन वचनांखेरीज कुठेही नाही, म्हणून भाषांतरकारांना तो चाचपडत ओळखावा लागला. जुन्या ग्रीक भाषांतरानं तिथे ‘अडमास’ घातलं, म्हणजे अतिकठीण पदार्थ. बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनं गवंड्याची थापी लिहिली. ओळंबा त्यानंतर रूढ झाला. म्हणजे तुम्ही ज्याला धरून बसला आहात तो अर्थ सगळ्यात जुना नाही. हिब्रूच्याच कुळातल्या जुन्या अक्कादी भाषेत मात्र ‘अन्नाकु’ हा शब्द हजारो मातीच्या पाट्यांवर आहे. अश्शूरचे व्यापारी गाढवांवर अन्नाकु लादून आनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कानेशला नेत, एका गाढवावर सुमारे ६५ किलो. तो धातू शिसं नसून कथील आहे हे अक्कादीचे अभ्यासक बेन्नो लँड्सबर्गर यांनी १९६५ साली सविस्तर मांडलं. खरा ओळंबा हिब्रूला ठाऊक नव्हता असंही नाही. २ राजे २१:१३ मध्ये आणि यशया २८:१७ मध्ये त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘मिश्कोलेत’. आमोसानं तो वापरला नाही.

आता कथील धरून वाचा. परमेश्वर कथिलाच्या भिंतीपाशी उभा आहे. यिर्मयाला तो म्हणतो, मी तुला कांशाची भिंत करतो. ती भिंत टिकते. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, चुलीवर वितळतं. आपल्या लहानपणी दारावर कल्हईवाले यायचे. पातेलं तापवायचं, नवसागर भुरकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, की आतून पातेलं चांदीसारखं पांढरंशुभ्र. चार महिन्यांत पुन्हा तांबं दिसायला लागायचं. आमोसाच्या वेळचं, दुसऱ्या यराबाम राजाच्या काळातलं इस्राएल तसं होतं: हस्तिदंताचे पलंग, हिवाळ्याचा वाडा वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा, बाहेरून चकचकीत. त्यांना वाटलं आपल्याभोवती तटबंदी आहे. देवानं दाखवलं, हे कथील आहे. ओळंबा भिंत वाकडी आहे का ते तपासतो. त्यात अजून तपास शिल्लक असतो. कथिलाच्या भिंतीत तपासायला काही उरत नाही. म्हणूनच आधीच्या टोळांच्या आणि अग्नीच्या दर्शनात आमोस ‘क्षमा कर’, ‘थांब’ म्हणून मध्ये पडतो, आणि या तिसऱ्या दर्शनापासून तो मध्ये पडत नाही. हा फरक तुम्हाला फरक वाटत नसेल तर माझा इलाज नाही.

शिवाय पुढच्याच अध्यायात उन्हाळी फळांची टोपली आहे. हिब्रूत फळांना ‘कायित्स’ आणि शेवटाला ‘केत्स’. शब्दाच्या नादातूनच देव न्याय सांगतो. ‘अनाख’चा नादही तसाच आहे, ‘मी’ या अर्थाच्या ‘अनोखी’ला लागून. मराठीत तो उतरणार नाही, ठीक आहे. पण जो उतरत नाही तो नव्हताच असं म्हणू नये.

तुमचा भिंतीचा प्रश्न मूळ लेखात येऊन गेला आहे, पुन्हा उगाळत नाही. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात वेगवेगळ्या धातूंचा पुतळा पाहतो, आणि एकेक धातू म्हणजे एकेक राज्य. त्यातलं तिसरं, तुम्ही म्हणता ते पितळेचं राज्य कोणतं, ग्रीस की पारस, हा वाद फार जुना आहे आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. घाबरण्याचा काही संबंध नाही. एवढंच सांगतो, आपल्या शास्त्रात तिथे ‘पितळ’ आहे, पण त्या अरामी शब्दात जस्त नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. नबुखद्नेस्सराच्या पुतळ्याचं पोट आणि मांड्या कांशाच्या म्हणाव्यात. कासार घराण्यात जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आज असते तर या एका शब्दावर त्यांच्याशी बसून बोलायला मला फार आवडलं असतं.

माझ्या आजीचं शास्त्र माझ्याकडे आहे. आमोसाच्या पानावर तिनं पेन्सिलीनं ‘ओळंबा’ खाली रेघ ओढली आहे. ती मी पुसलेली नाही. समासात, त्याच रेघेच्या पुढे, मी ‘कथील’ लिहिलं आहे, तारीख घालून.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव लिहा.

आपला,
ख्रिस्तातला बंधू