स्केल कुठी हाये?

कापसाच्या परागकणाचं घनफळ काढायचं होतं. शहरातल्या एका प्रयोगशाळेनं कॉन्फोकलवर, म्हणजे कण न कापता प्रकाशानं त्याचे थरांथरांनी काप टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, स्कॅन केलं, तासाचे पैसे चोख घेतले आणि पेनड्राइव्हवर दिलं काय, तर जेपेग! मूळ फाइल 'लय मोठी होते' म्हणून उडवलेली. पिक्सेल किती मायक्रॉनचा, दोन कापांत अंतर किती, सगळं तिच्यासोबतच गेलं. फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉपर्टीज उघडल्या तर 'व्हॉक्सेल डेप्थ', म्हणजे दोन कापांतलं अंतर, १. एक काय? पिक्सेल!

तालुक्याच्या झेरॉक्सवर त्या कापांच्या प्रिंट काढत होतो. सातबाऱ्यासाठी बसलेले एक निवृत्त तलाठी खुर्ची ओढत जवळ आले.

"नकाशा कोन्या गावचा होय?"

"गावाचा नाही काका. कापसाचा परागकण आहे, एकाच कणाचे काप."

"हद्द त झ्याक दिसून राह्यली. ह्या खुंट्या होय?"

"काटे आहेत."

"खुंट्याच म्हना. स्केल कुठी हाये?"

"नाही."

"नाही?" आवाज रस्त्यापर्यंत गेला. "सर, स्केल नाही त मोजता काय? असा नकाशा आमी उभ्या पायानं वापस करत होतो!" मग दुकानदारालाही बोलावलं. "पाह्य रे, कॉलेजचे सर हायेत हे!"

संताप याचा, की म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ गुणिले दोन कापांतलं अंतर, मग बेरीज. सतराव्या शतकातल्या कावालिएरीच्या तत्त्वावरचा हा हिशेब. तिन्ही बाजूंची मापं १० टक्के जास्त धरली की घनफळ ३३ टक्क्यांनी फुगतं. इथं तर मापच नाही.

बरं, मशीनवरचं अंतरही जसंच्या तसं धरायचं नसतं. कापसाचा पराग पाण्यात फुटतो, म्हणून ग्लिसरीन. त्याचा अपवर्तनांक १.४७. भिंग मात्र २०एक्सचं, कोरडं. स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची पाटी, १ मायक्रॉन सरकली की फोकस आत जवळपास दीड मायक्रॉन जातो. ही दुरुस्ती राहिली की १०० मायक्रॉनचा गोळा उंचीला ६८ भरतो, म्हणजे भाकरीच. कव्हरस्लिपच्या कडांना आधार दिला नसेल तर कण खरोखरच दबतो, आणि दोष काचेचा की प्रकाशाचा, हे कोणी सांगू शकत नाही. जेपेगनं कडा पुसट केल्यात त्या वेगळ्याच. थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ पिक्सेल कणात धरायचा ती मर्यादा, जरा हलवला की क्षेत्रफळ बदलतं.

प्रयोगशाळेला फोन केला. "फोटो तर क्लिअर आलेत ना, सर?" पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा तासाचे पैसे. पराग ताजाच लागतो आणि फूल एका दिवसाचं. उद्या ते गुलाबी पडलेलं. पहिल्या एसटीनं नेलं तरी पोचायला दुपार, आणि दुपारी त्यांची जेवणाची सुट्टी.