'रन'चे ६४५ अर्थ, म्हणून मराठी गरीब? अजिबात नाही

नाशकातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. इंग्रजीतल्या 'रन' ह्या एका शब्दाला ६४५ अर्थ आहेत, जगात कुठल्याच भाषेत असा शब्द नाही, तोही एकाच सिलॅबलचा (म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा), मराठीत मात्र धावणे म्हणजे नुसतं धावणे आणि बोलायलाही लांब, तर मुलांना इंग्लिश मीडियमलाच घाला. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत लोक असलं वाचून खरंच ठरवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो आकडा. ६४५ खोटा नाहीये. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर ह्यांनी 'रन' क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली, त्यात नऊ महिने गेले आणि २०११ मध्ये आकडा सगळीकडे छापून आला. पण त्याच डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत पहिला नंबर 'सेट'चा होता, ४३० अर्थांचा. म्हणजे नोंद पुन्हा लिहिली की नंबर बदलतो, अर्थाचे तुकडे किती बारीक करायचे हे संपादक ठरवतो. शिवाय ही इतिहास सांगणारी डिक्शनरी आहे, आज कोणी बोलत नाही असे जुने अर्थही त्यात धरलेत. आणि ऑक्सफर्डने मोजली ती फक्त इंग्रजी, त्यावरून "जगात कुठेच नाही" कसं काय निघतं?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. तुलनेला 'धावणे'च का घेतलं? 'लागणे' घ्या ना. नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे सेंट्रल बस स्टँडवर, उभे राहा, एक जण विचारतो त्र्यंबकची गाडी लागली का, आणि शेजारची बाई कंडक्टरला सांगत असते की ह्याला गाडी लागते हो, खिडकीजवळ बसू द्या. दोन्हीकडे गाडी तीच, लागणं तेच, अर्थ पार वेगळा आणि कोणाचाच गोंधळ होत नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की सगळं नाशिक विचारतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, डोळा लागतो, मिसळ तिखट लागते, पैसे लागतात, तो माझा मामा लागतो. वर 'जावं लागलं' मधली सक्ती आणि 'रडायला लागला' मधली सुरुवात वेगळीच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ही नोंद उघडून बघा, म्हणजे कळेल.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त, हे झिफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्येच दाखवलं होतं. पडणे, मारणे, खाणे, सगळ्यांचं तेच.

आता सिलॅबल. मेसेजवाल्याने अक्षर आणि सिलॅबल एकच समजून मोजलंय. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, पण बोलताना शेवटचा 'अ' आपण उच्चारतच नाही, म्हणून सिलॅबल एकच, अगदी 'रन'सारखं. ये, जा, घे, दे, खा हीसुद्धा एकेकच. आणि छोटे शब्द म्हणजे वेगवान भाषा हेही खरं नाही. २०१९ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेसमध्ये १७ भाषांचा अभ्यास आला होता (मराठी त्यात नव्हती). कुठे सिलॅबल भराभर पडतात आणि प्रत्येकात माहिती कमी असते, कुठे उलटं, पण सेकंदाला पोचणारी माहिती सगळीकडे साधारण ३९ बिट्सच्या (बिट म्हणजे माहिती मोजायचं एकक) आसपासच निघाली.

राहिला मीडियमचा प्रश्न. एका शब्दाला किती अर्थ ह्याचा आणि मुलाला गणित कुठल्या भाषेत समजेल ह्याचा काडीचाही संबंध नाही. युनेस्कोने १९५३ मध्येच सांगितलं होतं की शिकवायला सगळ्यात चांगली भाषा मुलाची मातृभाषा, आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतच शिकवा म्हणतं. शाळा निवडताना हे वाचा आणि तो मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज.