प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ३ सेकंद टाकले तरी फोटो ५ सेकंदच चालतो, आमच्या क्लासच्या या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका, तुमचा १ स्टार वाचला. "३ सेकंद सेट केले तरी प्रत्येक फोटो ५ सेकंद चालतो, गाणं संपलं तरी फोटो चालूच, एकदा तर सगळे फोटो भुर्रकन निघून गेले, क्लासवाल्यांनाच प्रीमिअर येत नाही, फी परत करा" असं तुम्ही लिहिलंय. फीचं शेवटी बोलतो, आधी काम, कारण घरी पंचाहत्तरी तोंडावर आलीय हे पण तुम्हीच लिहिलंय.

सेटिंग तुम्ही अगदी बरोबर जागी केलंय, एडिट, प्रेफरन्सेस, टाइमलाइन, तिथलं स्टिल इमेज डिफॉल्ट ड्युरेशन. फक्त ते लागू होतं त्यानंतर इम्पोर्ट केलेल्या फोटोंना, जे आधीच प्रोजेक्टमध्ये येऊन बसलेत ते येतानाच ५ सेकंद घेऊन आलेत, ते टाइमलाइनवरून (फोटो आणि गाणं ओळीने लावतो त्या पट्टीवरून) काढून परत ओढले तरी पाचच राहणार. म्हणजे तुमचे ८० फोटो ४ मिनिटांच्या गाण्यात बसायला ३ सेकंदांचा हिशोब बरोबर, पण पाचने ते ६ मिनिटं ४० सेकंद होतात, मग गाणं आधी संपणारच ना. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाहीये, कृपा करून रिइन्स्टॉल करत बसू नका. आणि हो, त्या आकड्यापुढे सेकंद निवडलंय की फ्रेम ते बघून घ्या, चुकून ३ फ्रेम राहिलं तर नवीन फोटो डोळ्याला दिसणार पण नाही.

आता उपाय. फोटो डिलीट करून परत इम्पोर्ट करा असं बरेच जण सांगतात, पण प्रोजेक्टमधून उडवलं की टाइमलाइनवरून पण उडतं आणि तुमचा लावलेला क्रम गेला. त्यापेक्षा गाण्याचा ट्रॅक लॉक करा, टाइमलाइनवरचे सगळे फोटो सिलेक्ट करा, कंट्रोल आर दाबा, ड्युरेशनमध्ये ३ सेकंद टाका आणि खाली रिपल एडिटची टिक आहे ती लावाच, ती विसरलात तर प्रत्येक फोटोनंतर २ सेकंद काळं दिसेल आणि मग अजून एक स्टार जाईल आमचा (तसाही एकच उरलाय).

भुर्रकन गेले ते वेगळं प्रकरण. फोटोंना ओळीने नंबर असले आणि इम्पोर्टच्या विंडोत इमेज सिक्वेन्सवर टिक राहिली की सॉफ्टवेअर एकेका फोटोला एकेक फ्रेम धरतं, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने तुमचे ८० फोटो सव्वातीन सेकंदात खलास. टिक काढा आणि परत घ्या, बस.

न विचारता एक सांगतो, सगळ्याच फोटोंना सरसकट ३ सेकंद देऊ नका हो. १ सेकंदाचा डिझॉल्व्ह (एक फोटो विरत दुसरा उमटतो तो इफेक्ट) दोन्ही बाजूंनी कटच्या मधोमध बसला की ३ सेकंदांचा फोटो नुसता स्वच्छ असा २ सेकंदच दिसतो, गरब्याच्या फोटोंना ते चालून जातं पण दांडिया बाजारच्या जुन्या घरासमोरचा तो चाळीस माणसांचा ग्रुप फोटो २ सेकंदात गेला तर अख्खा हॉल ओरडेल, मागे घ्या मागे घ्या, मी कुठे आहे. त्याला ७-८ द्या, मुंजीच्या पाच सारख्याच फोटोंतले तीन काढून टाका, वेळ तिथूनच निघतो. हे कुठलंच सेटिंग करून देत नाही, बसून करावं लागतं.

राहिली फी. ती परत मिळणार नाही काका, स्पष्टच सांगतो. हा भाग क्लासमध्ये घेतलाय, नोट्समध्ये पण आहे, त्या दिवशी तुम्ही बाहेरगावी होतात म्हणून राहिला असेल, आणि क्लास संपल्यावर पण अडलं तर या असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी या, शेवटची बॅच सुटली की आपण दोघं बसून करून टाकू. फक्त नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर टाकून आणू नका, तिच्यात फोटो नसतात, ते कुठे ठेवलेत तेवढंच असतं. फोटोंचा आख्खा फोल्डर आणि गाणं पण आणा, नाहीतर आमच्या कॉम्प्युटरवर फोटोंच्या जागी सगळीकडे मीडिया ऑफलाइन, म्हणजे फाइल सापडत नाही, असं दिसेल आणि तुमची चक्कर फुकट जाईल.