गेटच्या अलीकडचं गाव

भूतानला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाची पोस्ट उघडा. टायगर्स नेस्ट मठाची चढण, घो-किरा हा तिथला पोशाख घालून काढलेले फोटो हे सगळं असतंच, पण त्याच्या आधी एक परिच्छेद हमखास येतो. 'जयगावात नुसता गोंधळ, कचरा, हॉर्न. आणि गेट ओलांडलं की काय सांगू! शांतता, स्वच्छता, शिस्त. आपण कधी सुधारणार?' खाली कॉमेंटमध्ये 'आपले लोकच तसले' म्हणणाऱ्यांची रांग.

यातलं काही खोटं नाही. दिसतं ते तसंच दिसतं. पण गेल्या वर्षी पावसाने वरच्या रस्त्यावर दरड आली, आमचा ग्रुप खालीच अडकला आणि जिथून सगळे दोन तासांत परमिट घेऊन पळतात तिथे मला निवांत भटकायला मिळालं. तेव्हापासून तो परिच्छेद वाचला की हात शिवशिवतात. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आधी नकाशा. पश्चिम बंगालच्या अलीपूरदुआर जिल्ह्यात, हिमालय जिथे सुरू होतो त्याच्या अगदी पायथ्याशी जयगाव आहे. हासीमारा स्टेशनवर उतरायचं, शेअर गाडी पकडायची आणि चहाच्या मळ्यांमधून जायचं. जयगावचा मुख्य रस्ता सरळ एका रंगीत, ड्रॅगनवाल्या कमानीत घुसतो. कमानीपलीकडे फुंटशोलिंग, म्हणजे भूतान. भारतातून रस्त्याने थिंफू-पारोला जाणारे बहुतेक सगळे इथूनच जातात. थिंफू इथून साधारण दीडशे किलोमीटर, पण घाटाचा रस्ता असल्याने पाच-सहा तास धरायचे. भूतान म्हणजे थंडी अशा समजुतीने आमच्यातल्या काहींनी गाडीतच जॅकेटं चढवली होती. फुंटशोलिंग जेमतेम तीनशे मीटर उंचीवर आहे. सगळे घामाने निथळत होते.

कमान आता गाड्यांसाठी. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे: सामान स्कॅनिंगला टाका, ओळखपत्र दाखवा, पुढे व्हा. घड्याळ अर्धा तास पुढे करा. आणि मग खरोखरच तो बदल जाणवतो. झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. आमच्यातले एक काका तर थांबलेल्या टॅक्सीवाल्याला हात जोडून पार गेले. इमारतींच्या खिडक्यांना कोरीव लाकडी चौकटी आणि रंगीत नक्षी, कारण पारंपरिक शैलीत बांधायचं हा तिथे नियमच आहे. गावाच्या मध्यात झांगतो पेलरी मंदिर, त्याभोवती प्रार्थनाचक्रं फिरवत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या. काका म्हणाले, "बघा, पन्नास पावलांत केवढा फरक!"

फरक आहेच. पण त्या पन्नास पावलांमधून रोज काय काय येतं-जातं ते बघायला सकाळी लवकर उठावं लागतं.

मी उठलो, कारण हॉटेलात पंखा बंद पडला होता. टर्मिनलच्या भारताकडच्या तोंडाशी रांग होती. गवंडी, बिगारी, प्लंबर, सुतार, दुकानांतली पोरं. बहुतेकांच्या हातात डबा, काहींच्या पिशवीत थापी आणि ओळंबा. उत्तर बंगाल आणि बिहारची माणसं, बोलणं हिंदी, नेपाळी, बंगाली असं मिसळलेलं. कार्ड दाखवून एकेक जण आत जात होता. पलीकडच्या त्या नक्षीदार खिडक्यांच्या इमारती यांनी बांधल्यात. संध्याकाळी हीच माणसं परत येतात आणि जयगावातल्या खोल्यांत झोपतात. कचरा, सांडपाणी, गर्दी हे सगळं त्या खोल्यांभोवती साठतं आणि ते भारताच्या खात्यावर लागतं. पुण्यातल्या कुठल्याही टॉवरची लॉबी चकाचक असते आणि ती पुसणारी मावशी मागच्या वस्तीत राहते, त्यातलाच प्रकार. लॉबीचा फोटो काढून मागच्या वस्तीला नावं ठेवायची, याला काय म्हणायचं?

बरं, त्या खोल्यांमध्ये फक्त भारतीयच राहायचे असंही नाही. फुंटशोलिंगमध्ये सपाट जागा कमी आणि भाडी चढी, म्हणून कित्येक भूतानी कुटुंबं वर्षानुवर्षं जयगावात भाड्याने राहत होती. नोकरी भूतानात, संसार भारतात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली तेव्हा भूतान सरकारला या लोकांना परत आत घेऊन त्यांच्यासाठी तात्पुरती घरं उभारावी लागली.

जयगावच्या बाजूनेही थोडं बघा. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ४२ हजारांच्या आसपास होती. तेव्हाही कारभार ग्रामपंचायतींचा आणि वर एका विकास प्राधिकरणाचा. एवढ्या गर्दीच्या, एका देशाचा व्यापार अंगावर घेणाऱ्या गावाला साधी नगरपालिका नव्हती. पलीकडे २७ हजारांच्या आसपास वस्तीचं फुंटशोलिंग, त्याला रीतसर नगर प्रशासन आणि संपूर्ण राष्ट्राची इभ्रत पाठीशी. भूतान आपल्या दारात पाहुण्याला काय दिसावं याचा विचार करतो. आपल्यासाठी जयगाव म्हणजे दिल्लीपासून आणि कोलकात्यापासूनही लांब असलेलं एक टोक. 'आपले लोकच तसले' म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. लोक दोन्हीकडे बरेचसे तेच आहेत. जयगावात वाट्टेल तिथे गाडी घालणारा ड्रायव्हर कमानीपलीकडे गेला की मुकाट झेब्रावर थांबतो, हे मी त्याच्याच शेजारी बसून पाहिलंय. विचारलं तर म्हणाला, "वहाँ फाइन लगता है, साहब. लगता है मतलब सच में लगता है."

जयगावची ठोक बाजारपेठ मला फार आवडली. मारवाडी पेढ्या, बिहारी किराणावाले, नेपाळी मोमोवाल्या, प्लॅस्टिकच्या बादल्यांचे मनोरे. किरा नेसलेली एक भूतानी बाई लाल मिरच्यांच्या पोत्याशी उभी होती. मूठभर मिरच्या उचलून नाकाशी नेल्या, एक मोडून बी पाहिलं आणि परत टाकली. दुकानदार म्हणाला, "दीदी, इससे तीखा पूरे बंगाल में नहीं मिलेगा." ती म्हणाली, "पिछली बार भी यही बोला था." अस्खलित हिंदी. मग तिने रुपये आणि न्गुलट्रम एकत्र मोजून दिले, त्यानेही न बघता गल्ल्यात टाकले. दोन्ही चलनांचा भाव एकास एक, त्यामुळे इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मिरचीचं इतकं सांगतोय कारण भूतानमध्ये मिरची ही फोडणीपुरती नसते, तीच भाजी असते. एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज, बस्स. त्या देशाने २०१६ मध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून भारतातून येणाऱ्या हिरव्या मिरचीवर बंदी घातली. कल्पना करा, आपल्याकडे कांद्यावर बंदी! तरीही सीमेवरून चोरटी मिरची जात राहिली आणि पकडलीही जात राहिली. पेट्रोलचं उलटं. भूतानमध्ये ते आपल्यापेक्षा बरंच स्वस्त, म्हणून पलीकडे जाऊन टाकी भरून आणणं हा इथला जुना उद्योग. आणि ते पेट्रोल भूतानला जातं कुठून? भारतातूनच. आपले कर त्यावर लागत नाहीत इतकंच.

फुंटशोलिंग हे गावही फार जुनं नाही. भूतानचा व्यापार शतकानुशतकं मुख्यतः उत्तरेकडे, तिबेटशी होता. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा दक्षिणेकडून गाडीरस्ता नव्हता. सिक्कीममधून नथु ला ही खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवरून आणि याकवरून ते पारोला पोचले. वर्षभरात तिबेटमधलं सगळं उलथंपालथं झालं, भूतानने उत्तरेचा व्यापार बंद केला आणि तोंड दक्षिणेकडे वळवलं. १९६१ मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि फुंटशोलिंगहून थिंफूचा रस्ता निघाला. देशाला नवं दार मिळालं आणि त्या दाराभोवती गाव वाढलं. १९६८ मध्ये बँक ऑफ भूतान स्थापन झाली तीसुद्धा राजधानीत नाही, इथे. आणि ज्यांनी हा देश रस्ता-शाळांच्या वाटेला लावला त्या पंतप्रधान जिग्मे पाल्देन दोर्जींची एप्रिल १९६४ मध्ये गोळी घालून हत्या झाली तीही इथेच, फुंटशोलिंगमध्ये. टूरवाल्यांच्या माहितीपत्रकात यातली एक ओळ नसते. तिथे 'मगर प्रजनन केंद्र, ३० मिनिटे' असतं. (मगरी छान आहेत. हलत नाहीत.)

त्याच्याही मागे जायचं तर आपण ज्या चहाच्या मळ्यांपुढे सेल्फी काढतो ती दुआर्सची, म्हणजे या पायथ्याच्या पट्ट्याची, जमीन १८६५ पर्यंत भूतानच्या ताब्यात होती. इंग्रजांनी युद्ध करून, सिंचुलाचा तह करून ती घेतली आणि तिथे चहा लावला. म्हणजे जयगावची सपाटीही एकेकाळी त्यांचीच. त्या देशाची एकूण लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास, आणि शेजारी आपण. शेजारचं सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झालं, तेही त्यांनी पाहिलंय. एवढ्याशा देशाने दारावर मोजून माणसं आत घ्यावीत यात मला उर्मटपणा दिसत नाही.

त्यामुळे ते १,२०० रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडली तेव्हापासून भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. आधी हे नव्हतं, म्हणून आपल्या ग्रुपांवर अजून कुरकुर चालते: 'आपण त्यांना वीजप्रकल्प बांधून दिले, रस्ते दिले, आणि आपल्यालाच फी?' अहो, चुखाचा ३३६ मेगावॅटचा प्रकल्प आपण बांधून दिला हे खरं, पण त्याची जास्तीची वीज आपणच घेतो. आणि इतर देशांच्या पर्यटकांना रात्रीचे १०० डॉलर आहेत. महाबळेश्वरला पार्किंगसाठी भांडणाऱ्या माणसाला तरी मर्यादित गर्दीची किंमत कळायला हवी. मला ती फी मान्य आहे. फक्त तिचा एक परिणाम कुणी बोलत नाही: रात्र वाचवायची म्हणून लोक जयगावच्या स्वस्त लॉजमध्ये राहतात, फुंटशोलिंगमध्ये दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी परत येतात. गर्दी पुन्हा अलीकडेच.

सीमेवरची भिंतही कोविडच्या त्या बंद काळात पक्की झाली. पूर्वी इथे लोक चहा प्यायला सहज पलीकडे जायचे असं जयगावातले सगळे सांगतात. एका कापडवाल्याने अडीच वर्षं दुकानात माशा मारल्या. "गेट बंद मतलब पेट बंद," म्हणाला. सीमा उघडली, पण जुनी सहजता आली नाही, हे त्याचं म्हणणं. भूतानच्या बाजूचा तर्क मला पटतो आणि या माणसाचं दुःखही खोटं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आपल्या 'ते स्वच्छ, आपण घाण' या पाटीवर मावत नाही.

आणि 'आनंदी देश' म्हणून डोळे मिटून आरती ओवाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकात याच दक्षिण पट्ट्यातल्या सुमारे लाखभर नेपाळीभाषक लोकांना भूतान सोडावं लागलं. भारतातून जात ते नेपाळमधल्या छावण्यांत पोचले आणि तिथे वर्षानुवर्षं राहिले. पुढे बरेचसे अमेरिकेत वगैरे स्थायिक झाले. मी भूतानवर खुन्नस काढत नाहीये. देश मला आवडला, पुन्हा जाईन. पण आपल्या माणसांना शिव्या घालण्यासाठी दुसऱ्या देशाचं देवघर करायची गरज नाही.

फुंटशोलिंगच्या वर, खारबंडीच्या मठाकडे जाताना एका वळणावर दोन्ही गावं एकत्र दिसतात. 'इथून सीमा कळतच नाही' हे तिथलं ठरलेलं वाक्य. मला तर चांगली कळली. छपरं जिथे एकमेकांना चिकटतात तिथे भारत सुरू होतो. शेजारून तोरसा नदी, तिचं भूतानमधलं नाव अमो छू, दोन्हीकडचं घेऊन खाली जाते. पावसाळ्यात वरचे दगडगोटे आणि गाळही खालच्या दुआर्समध्ये येतो. पूर्वेला पासाखाचे फेरो-अलॉयचे, म्हणजे लोखंडी मिश्रधातूंचे, कारखाने आहेत, स्वस्त विजेवर चालणारे. त्यांचा धूर फोटोत येऊ नये म्हणून आमचा ड्रायव्हर स्वतःच सांगत होता, "सर, इस तरफ से लीजिए."

तर, जाणार असाल तर टूरवाल्याला सांगा की फुंटशोलिंगला फक्त परमिटचा थांबा नको, एक पूर्ण दिवस द्या. सकाळी टर्मिनलची रांग बघा, दुपारी जयगावचा बाजार करा, मोमो अलीकडे खा आणि एमा दात्शी पलीकडे. मुक्कामाला पैसे जयगावात टाकलेत तरी चालेल, फक्त पंखा आधी सुरू करून बघा. परमिटला आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, लहान मुलांचा जन्मदाखला लागतो. आणि घरातल्या बायकांच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव आहे की सासरचं, ते तिकीट काढायच्या आधी बघून ठेवा. आमच्या ग्रुपमध्ये त्या एका गोष्टीवरून खिडकीसमोर जो तमाशा झाला, तो बघून भूतानच्या शिस्तप्रिय अधिकाऱ्यालाही हसू आवरेना.