ओलं भंगार हाही तितकाच मोठा धोका

लेखात बाष्पस्फोटाची (पाण्याची एकदम वाफ होऊन होणाऱ्या स्फोटाची) कारणं सांगताना सगळा भर बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर दिलाय. ते बरोबरच आहे, पण फाउंड्रीतला, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यातला, धोका एका ओळीत उरकायला नको होता. पाण्याची वाफ झाली की साध्या वातावरणीय दाबाला ते जवळजवळ 1,600 पट जागा मागतं. वितळलेल्या धातूवर वरून चार थेंब पडले तर बहुतेक वेळा चर्र होऊन उडून जातात. तेच पाणी धातूच्या खाली अडकलं, की वाफेला वाट मिळत नाही आणि अख्खा रस वर उसळतो.

मी भट्टीवर काम केलंय. तोंड चेपलेला एक डबा भंगारात आला होता. बाहेरून कोरडा ठणठणीत, हलवला तर आत पाणी डुचमळलं. तो तसाच भट्टीत गेला असता तर? आजही अंगावर काटा येतो.

म्हणून भंगार छपराखाली ठेवा, बंद डबे-नळ्या आधी कापा, आणि माल तापवूनच भट्टीत टाका. वितळलेल्या धातूवरची मळी काढायची सळई, लॅडलचं (धातूचा रस ओतायच्या भांड्याचं) नवं अस्तर, तेही पूर्ण सुकवलेलं हवं. उत्पादनाची घाई असली की नेमकं हे सुकवणंच आधी कापलं जातं, याचा फार राग येतो.