वाघ दाखवा, नाहीतर पैसे परत

ताडोब्याला सहकुटुंब जायचं ठरवलंत, छान केलंत. पण निघण्याआधी घरात सगळ्यांना एक गोष्ट बजावून ठेवा: आपण जंगल बघायला चाललेलो नाही. जंगल काय, माळशेजलाही आहे, आंबोलीलाही आहे, आणि तिथे जिप्सीचं भाडं पडत नाही. आपण वाघ बघायला चाललोय. नागपूरपर्यंतची तिकिटं, पुढची गाडी, रिसॉर्ट, तीन सफाऱ्या, एवढा खर्च केल्यावर वाघ आपलं देणं लागतो. ते त्याने दोन रात्री आणि तीन दिवसांत चुकतं करायचं आहे.

कधी जायचं, हे जाणकारांना विचारू नका. ते एप्रिल-मे सांगतील. पाणवठे आटतात, गवत वाळून खाली बसतं, जनावर पाण्यावर येतंच वगैरे. त्यांचं काय जातं सांगायला? चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर उघड्या जिप्सीत काकूंना कोण सांभाळणार? तुम्ही दिवाळीच्या सुट्टीतच जा. नुकताच पाऊस संपलेला असतो, गवत माणसाच्या कमरेला लागतं आणि दर फर्लांगावर पाणी साठलेलं असतं. वाघाला रस्त्यावर यायचं काही एक कारण उरत नाही. मग तुम्ही गाइडला जाब विचारा. जमल्यास मंगळवार गाठा, कारण त्या दिवशी कोअर, म्हणजे प्रकल्पाचा आतला गाभा, बंद असतं. हे फाटकावर पोचल्यावर कळलं तर जास्त जोरात भांडता येतं. जुलै ते सप्टेंबर कोअर बंदच असतं, पण ‘आम्ही पुण्याहून आलोय’ हे वाक्य तिथे म्हणून बघायला हरकत नाही.

कोअरची फाटकं सहा: मोहर्ली, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी आणि खुटवंडा. यातलं जे मिळेल ते बुक करा आणि राहायचं दुसऱ्याच फाटकाला ठेवा. मोहर्लीत रिसॉर्ट आणि पहाटेची सफारी कोलाऱ्याहून, ही जोडी उत्तम. नकाशात दोन्ही ठिपके जवळजवळ दिसतात. मधल्या पट्ट्यात खुद्द व्याघ्रप्रकल्प पसरलाय आणि पहाटे चार वाजता चिमूरकडून भला मोठा वळसा घालून जावं लागतं, हे ड्रायव्हर सांगेलच.

जिप्सीत पर्यटक सहा बसतात. तुम्ही आठ असणार, कारण कुटुंब नेहमी आठाचंच असतं. आता दोन जिप्सी कराव्या लागतील आणि कोण कुठल्या गाडीत हा प्रश्न येईल. त्याचा निकाल आदल्या रात्री लावू नका. पहाटे साडेपाचला, फाटकावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना लावा. जावयाला पुढची बाजू हवी, आजींना मागच्या बाकावर धक्के बसतात, दोन्ही चुलत भावांना एकाच गाडीत बसायचंय आणि त्यांच्या आयांना ते नकोय. वनरक्षक ओळखपत्रं आणि बुकिंगवरची नावं जुळवून बघत उभा असतो. त्याला सांगा, “अहो, घरचेच आहेत सगळे.” शेवटी एका गाडीला वाघ दिसतो आणि दुसऱ्या गाडीला दिसत नाही. पुढच्या तीन गणपतींत हा विषय निघत राहतो, त्यामुळे पैसे वसूलच आहेत.

कपड्यांबद्दल पुस्तकी लोक खाकी, मळखाऊ, हिरवट असं काहीबाही सुचवतात. तुम्ही भगव्या रंगाचे एकसारखे टी-शर्ट छापून घ्या, पाठीवर आडनाव आणि पोटावर वाघाचा जबडा. अंगाला अत्तर भरपूर लावा, जंगलात सगळीकडे जंगलाचाच वास येतो.

खायला चिवडा हवाच, आणि तो कुरकुरणाऱ्या पाकिटातला हवा. आत प्लास्टिक नेऊ नका म्हणतात, पण पाकीट पदराआड राहतं आणि रिकामी बाटली गाडीच्या धक्क्याने आपोआप खाली पडते. त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्यात, रामदेगीच्या बाजूला, एक वाघ पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चालत जाताना कॅमेऱ्यात सापडला. देशभर त्याचं कौतुक झालं. आपण टाकायचं आणि वाघाने उचलायचं, अशी स्वच्छतेची सोय जगात दुसऱ्या कुठल्या अभयारण्याने केली असेल असं वाटत नाही.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना वाटेत औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लागतात, कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर लागतात. तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्या. वाघ तिथेही असतात. २०२२ साली रात्री काम संपवून सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला वीज केंद्राच्या आवारातच वाघाने मारलं. पण ते वाघ मोजायचे नाहीत. मागे साग-बांबू हवा, सकाळचं तिरपं ऊन हवं. चिमणीसमोरचा वाघ स्टेटसला चांगला दिसत नाही.

आत शिरलात की गाइड लगेच टाळाटाळ सुरू करेल. ऐनाचं खोड दाखवेल, मगरीच्या पाठीसारखी चिरलेली त्याची साल दाखवेल. पांढरंफटक, पानं झडलेलं कडईचं झाड दाखवून “याले भुताचं झाड म्हणतेत” असं सांगेल. रस्त्याकडेचे जुने दगडी खांब दाखवून गोंड राजांच्या गोष्टीत शिरेल. एखाद्या झाडावर जमिनीपासून सहा-सात फुटांवर ओरखडे असतील, चिकाचे ओघळ अजून ओले असतील. तो गाडी थांबवून म्हणेल की वाघ मागच्या पायांवर उभा राहून नखं घासतो आणि हद्द सांगतो. या सगळ्यावर एकच उत्तर द्यायचं: “ते ठीक आहे हो. वाघ कधी?”

मध्येच रानगवा आडवा येईल. चांगला हजार किलोचा नर, काळाभोर, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा आणि चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. गाडीपासून पंधरा हातांवर उभा राहून तो तुमच्याकडे बघेल, नाकातून फुस्स करेल, पाठीवरच्या माशा हाकलायला कातडी थरथरवेल. ओल्या गवताचा आणि शेणाचा वास थेट तुमच्यापर्यंत येईल. जगातल्या सगळ्यात मोठ्या रानटी गुरांपैकी हा एक. अशा वेळी कुटुंबातल्या ज्येष्ठ व्यक्तीने “म्हैस आहे” असं जाहीर करायचं आणि ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगायचं. अस्वल, रानकुत्रे, चौशिंगा, सर्पगरुड यांनाही हाच न्याय. चितळ पहिल्यांदा दिसलं तर “अय्या, हरीण!” म्हणायला हरकत नाही, पण दुसऱ्या वेळेपासून त्रासिक चेहरा करायचा.

वाघांची नावं मात्र तोंडपाठ हवीत. माया, मटकासुर, वाघडोह, छोटा मटका. नात्यातल्या माणसांविषयी बोलावं तसं बोला. माया वाघीण २०२३ मध्ये दिसेनाशी झाली आणि सापडलेल्या अवशेषांवरून ती गेल्याचं ठरलं. वाघडोह २०२२ मध्येच म्हाताऱ्या वयात मेला. तरी गाइडला विचारायचंच, “माया दाखवणार ना?” तो गप्प राहिला तर सेवा चांगली नाही असं समजा.

ताडोबा तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. हा तारू म्हणजे गावचा प्रमुख, वाघाशी झुंजता झुंजता गेला आणि आदिवासींचा देव झाला, अशी तिथली कथा. त्याला वाघ एकदाच दिसला, पण हेड-ऑन दिसला. आजींना लांबूनच हात जोडायला सांगा, गाडीतून उतरायला परवानगी नाही. तलावात मगरी आहेत. त्याही बघायच्या नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको.

मग तो क्षण येतो. ड्रायव्हर एकाएकी इंजिन बंद करतो. गाइड हात वर करतो. “थांबा जी, कॉल येऊन राहिला.” बांबूच्या पलीकडून चितळाची, वाघ जवळ असल्याच्या इशाऱ्याची एक तीक्ष्ण हाक, जरा थांबून दुसरी. वर झाडावर वानर शेपटी खाली सोडून एकाच दिशेला टक लावून बसलेलं, घशातून खोकल्यासारखा आवाज काढतंय. हवा थांबल्यासारखी होते. ही शांतता फार धोक्याची. ती ताबडतोब मोडा. सगळ्यांनी एकदम “कुठे? कुठे? कुठे?” सुरू करा. एकाने उभं राहावं, दुसऱ्याने त्याचा शर्ट ओढावा. धाकट्याला नेमकी याच वेळी शू लागते, ती त्याला लागू द्या. काकूंनी चिवड्याचं पाकीट उघडावं. सांबराचा कॉल आला तर गाइडचे डोळे चमकतील, कारण सांबर सहसा खोटं ओरडत नाही. त्याला विचारा, “पण दिसला का?”

आणि दिसतो हो कधी कधी. कॉल ऐकून इतर गाड्याही येतात. कोअरमध्ये मोबाईल बंद, पण समोरून येणाऱ्या ड्रायव्हरने नुसती भुवई उडवली तरी बातमी पोचते. दहा मिनिटांत पंधरा-वीस जिप्स्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून उभ्या. आषाढी एकादशीला पंढरपुरात असते तशी ती गर्दी, फक्त इथे विठ्ठल पळून जायच्या बेतात असतो. वाघाला रस्ता ओलांडून पाण्यावर जायचं असतं. तो गवताच्या कडेला येतो, एक पंजा रस्त्यावर ठेवतो, गाड्या बघतो, मागे घेतो. तुम्ही ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून पाचशेची नोट पुढे करा. “जरा आडवी घाल ना रे.” नियम आहेत, अंतर ठेवायचं असतं, त्याचा परवाना जाऊ शकतो, असं तो पुटपुटेल. हजार करा.

यात घाबरण्यासारखं काही नाही, पूर्वी होऊन गेलंय. २०२४ चा ३१ डिसेंबर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. पाच बछड्यांसह निघालेल्या वाघिणीला जिप्स्यांनी पुढून-मागून कोंडलं. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली, चालक आणि गाइड निलंबित झाले. गाडीत बसून “आणखी जवळ, आणखी जवळ” म्हणणारा मात्र नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत घरी गेला. पर्यटकाला निलंबित करायची सोय सरकारकडे नाही. आपण याच भरवशावर फिरायचं.

आता टिप. वाघ दिसला तर तुमचं नशीब दांडगं, त्यात गाइडचा काय संबंध? आणि नाही दिसला तर चूक त्याचीच, तेव्हा टिप द्यायचा प्रश्नच येत नाही. निघताना त्याच्याशी दोन शब्द गोड बोला. “तुमची बाबा मजा आहे, रोज जंगलात, रोज वाघ.” तो हसेल. त्याचं गाव कदाचित आधी आतच असेल. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावं वाघांना जागा करून देण्यासाठी उठवून बाहेर बसवलेली. त्याची आई मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जात असेल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला चार पायांच्या जनावरासारखी दिसते, असं तिकडची माणसं सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात दर उन्हाळ्यात अशा बायका मरतात आणि बातमी आतल्या पानावर दोन इंच येते. पण हे विषय काढू नका, मुलांच्या सुट्टीचा मूड जातो.

घरी आल्यावर अभिप्राय लिहायला विसरू नका. एक तारा द्या. रस्ते धुळीचे, उठवतात फार पहाटे, मोबाईल काढून घेतात, रिसॉर्टच्या पोह्यांत शेंगदाणे जास्त, आणि वाघ आला पण पाठमोरा आला. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला फोटो नसेल तर शेजारच्या जिप्सीतल्या मोठ्या लेन्सवाल्याकडून मागून घ्या. ‘काल सकाळी’ एवढंच लिहा. कोणाची काल, कोणाची सकाळ, असं कोणी विचारत नाही.

पुढच्या वर्षी मात्र ताडोबा नको. २०२२ च्या गणनेत सगळ्या महाराष्ट्रात मिळून वाघ निघाले ४४४, आणि ते बेटे एकेकटे फिरतात. गुजरातेत २०२५ च्या गणनेत सिंह आहेत ८९१. शिवाय सिंह कळपाने राहतात, म्हणजे एका सफारीत सात-आठ सहज. माणशी खर्चाला भागून बघितलं तर नग फारच स्वस्तात पडतो, असं आमच्या साडूंनी हिशेब करून दाखवलंय. त्यांनी गीरचं बुकिंग केलंही आहे. आठ जणांचं, सहाच्या गाडीत.