‘बेअर’ आणि आपला ‘भार’
इंग्रजीतील ‘बेअर’ या क्रियापदाचे ‘वाहून नेणे’, ‘सोसणे’ आणि ‘जन्म देणे’ हे तीन अर्थ मी वाचलेल्या एका लेखात परस्परांशी संबंध नसल्यासारखे मांडले आहेत, ते मला पटत नाही. प्राचीन इंग्रजीत ‘बेरन’ असलेल्या या क्रियापदाचे नाते संस्कृत ‘भृ’ धातूशी, म्हणजेच ‘भार’, ‘भर्ता’, ‘भृत्य’ या आपल्या नित्याच्या शब्दांशी आहे. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींच्या समान मूळ भाषेतला ‘भ’, इंग्रजी ज्या शाखेतली आहे त्या जर्मानिक शाखेत ‘ब’ झाला, आणि ‘भ्राता’ व ‘ब्रदर’ या जोडीतही तोच बदल दिसतो. वाहणे हाच मूळ अर्थ. पोटी वाहिले की जन्म, मनावर वाहिले की सोसणे. दुःखाचा भार आपणही वाहतोच. ‘बर्थ’ आणि ‘बर्डन’ हेही याच कुळातले. (अस्वलाचा ‘बेअर’ मात्र निराळा शब्द आहे.) ज्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालू आहे, तेथील इंग्रजीच्या शिक्षकांनी तरी हा शब्द शिकवताना फळ्यावर शेजारी ‘भृ’ लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.